पश्चिमेचं धुराडं

२ सप्टेंबर, सोमवार

नवी वही सुरू केली. जुनी भरली नव्हती, पण तिच्यातल्या सगळ्या साइट दुसऱ्यांच्या होत्या. नकाशे त्यांचे, निर्णय त्यांचे, आणि "मॅडम, जरा चहा सांगा" एवढं माझं. आजपासून साइट माझी. फाटकावर बोर्ड लागलाय: विजयश्री रामकिशन, बी.ई. सिव्हिल. बाबा बियाण्याचं दुकान बंद ठेवून हळ्ळीखेडहून तो बघायला आले. बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "अक्षर वाइच बारीक काडलंय की गं." म्हणजे खूश आहेत.

काम मारटन कोठीचं. बीदरच्या रस्त्याला माळावर ती एकटीच उभी आहे. शाळेत जायच्या वयापासून बसच्या खिडकीतून बघत आले. उतरती उंच छपरं, पोट पुढे काढलेली मोठी खिडकी, आणि दोन टोकांना दोन दगडी धुराडी. सव्वाशे वर्षांपूर्वी निजामाच्या बांधकाम खात्यातल्या मारटन नावाच्या इंग्रजानं त्याच्या देशातल्या जहागीरदारांच्या घरासारखं घर इथे उठवलं, तेही आपल्या लाल जांभ्या दगडात. मे महिन्यात इथे कावळ्यालासुद्धा धाप लागते, आणि साहेबानं दिवाणखान्यात दोन शेकोट्या बांधल्या! आसपासचे लोक त्यांना "सायबाची चूल" म्हणतात. त्या चुलीवर कधी दूधसुद्धा तापलं नसेल.

धनराज अण्णांनी कोठी गेल्या वर्षी घेतली. हॉटेल आणि लग्नाचा हॉल करायचाय. तुळशीचं लग्न झालं की पहिलं लग्न त्यांच्या पुतणीचं, अंजूचं. पश्चिमेची शेकोटी काढून तिथे स्टेज हवं. बाबांची आणि अण्णांची जुनी ओळख, म्हणून काम मला मिळालं हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही. म्हणून तर एक चूकही परवडणार नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज तात्याराव मिस्त्री आले. जुन्या चुन्याच्या कामात बीदर भागात त्यांच्यासारखा गवंडी नाही म्हणतात. वय बहात्तर. त्यांच्या आजोबांनी पोरसवदा असताना या कोठीचे दगड वाहिले, वडिलांनी तिची डागडुजी केली. आता हे. मैलूरहून रिक्षानं आले, सोबत बायको इंदिराबाई. चुना त्या मळतात.

नवराबायको एकच पिशवी दोन बाजूंनी धरून चालत आले. पिशवीत काय, तर थापी, भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा आणि डबा. एवढंसं ओझं, तेही दोघांत! या वयातलं हे प्रेम बघून मला हसू आलं.

पण इंदिराबाईंचं तोंड म्हणजे पट्टा आहे. "पायरी आली. तिसरी फुटकीय. डाव्या अंगाला वाळूचा ढीग. बाई खुर्चीवर बसल्यात, हिरवा डिरेस घातलाय." सगळं मोठ्यानं. माझ्यासमोर माझ्याच ड्रेसचं वर्णन! तात्या काही बोलत नाहीत, नुसते ऐकतात. पन्नास वर्षं ऐकून सवय झाली असणार.

मी नकाशा पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ भिंतीपाशी गेले, तळहात टेकवला, मग गाल. पूर्वेच्या धुराड्यावर बोटाच्या पेरानं ठोकलं आणि म्हणाले, "हे पोकळ हाय. ह्याला काई वजन न्हाई. काडलं तरी घराला कळायचं न्हाई."

मी म्हटलं, "तात्या, नकाशात सगळं आहे."

"आसंल की. पर बाई, भिंतीचं भिंतीपाशी इचारावं. आमच्यात भिंतीवर हात ठिवून दिलेला शब्दच शब्द. घरात बसून दिलेला धरत न्हाईत."

मला जरा झोंबलं. बाई इंजिनिअर असली की प्रत्येक गवंडी आधी गुरुजी होतो.

११ सप्टेंबर, बुधवार

चार दिवस मोजमाप. पूर्वेचं धुराडं वरपर्यंत चढून मोजलं. तात्या म्हणाले तसंच, आत पोकळ आणि हलकं. पश्चिमेच्या माळ्यावर मात्र आग्या मोहोळ आहे, चांगलं सुपाएवढं. दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं. मोहोळ काढणारा म्हणतो, पितृपंधरवड्यानंतर येतो.

बाहेरून दोन्ही धुराडी एकसारखी. उंची तीच, रुंदी तीच, कंगोरेही तेच. म्हणून पूर्वेचं मोजमाप उलटं करून पश्चिमेला टाकून दिलं. मोहोळ गेलं की खात्री करून घेईन. पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करून ठेवलंय.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज एक शोध लागला. झोप येणं शक्य नाही, म्हणून लिहून काढते.

कलबुर्गीच्या कॉलेजातून इंग्लंडमधल्या जुन्या घरांवरचं पुस्तक आणलंय. कोठीचा एकेक भाग त्याच्याशी ताडून बघत होते. मागची बाजू, म्हणजे मुदपाकखाना, नोकरांचा अरुंद जिना, बूट ठेवायची खोली, नोकरांना बोलवायच्या घंट्यांची फळी, हे सगळं पुस्तकाबरहुकूम. इंचाचा फरक नाही. भांडी घासायच्या दगडाची उंचीसुद्धा नेमकी. पण पुढची बाजू? सज्जाचा कठडा गुडघ्याएवढा, रेलून उभं राहणारा खाली पडेल. पोट काढलेल्या खिडकीतली बैठक इतकी उंच की पाय लोंबकळतात. शेकोट्या दोन दारांच्या मधोमध, तिथे कोणी बसूच शकत नाही. दिवाणखाना दुसऱ्याच कुणी बांधला असावा असं वाटतं.

मग उजेड पडला. मारटनला मागचं घर पाठ होतं आणि पुढचं फक्त दाराच्या फटीतून दिसलं होतं. तो अशा घरातल्या मालकाचा मुलगा नव्हताच, स्वयंपाकिणीचा नाहीतर माळ्याचा असावा. इथे सात समुद्रापार कुणी ओळखणारं नाही म्हटल्यावर त्यानं स्वतःसाठी ते घर बांधलं, आणि जे कधी नीट बघितलं नाही ते अंदाजानं उभं केलं.

तात्यांना सांगितलं तर ते गालात हसले. "आजोबा सांगायचे, साब पुढल्या दारानं कदीच घरात आला न्हाई. पावने आसले तरच. न्हाईतर मागनंच यायचा, मुदपाकखान्यात बसून जेवायचा."

"मग एवढं घर कशाला बांधलं?"

"लोकांनी बघावं म्हनून. आपल्याला जे न्हाई ते हाय म्हनून चालवायला लई मोठं घर लागतंय, बाई." मग म्हणाले, "अन् येकदा चालवलं की मदीच सोडता बी येत न्हाई."

इंदिराबाई पहिल्यांदाच गप्प होत्या.

धनराज अण्णांना हॉटेलच्या फलकासाठी ही गोष्ट सांगितली. त्यांचं तोंड कडू झालं. "माळ्याचा पोरगा? ताई, फलकावर 'लॉर्ड' घाला. लोक लग्नाला येनार हाईत, दयेला न्हाई."

२४ सप्टेंबर, मंगळवार

मोहोळ जागच्या जागी. अण्णांचे दिवसाला चार फोन. तात्या पूर्वेच्या भिंतीचे सांधे चुन्यानं भरतायत. काम इतकं सफाईदार की नख लागत नाही. पण फार हळू. प्रत्येक सांध्यावरून आधी अंगठा फिरवतात, मग चुना, मग परत अंगठा. खुर्ची दिली तर आधी तिला हात लावून मगच बसतात. मी रोज "नमस्कार तात्या" म्हणते तेव्हाच ते नमस्कार करतात. आज मुद्दाम काही न बोलता समोर उभी राहिले, तर माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मोठ्या माणसांचा मोठा मान.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवस वाईट गेला. इंदिराबाई चिंताकीला गेल्यात, बहीण आजारी आहे. मुलगा, राजपाल, तात्यांना मोटरसायकलवर सोडून ड्यूटीवर गेला. तात्या दिवसभर व्हरांड्याच्या पायरीवर बसून. कामाला हात नाही. विचारलं तर म्हणाले, "आज चुना मळायला मानूस न्हाई." एक दिवस बायको नाही तर काम बंद! लाडाला पण सीमा असते.

दुपारी अण्णा आले. हुमनाबादहून तोडफोडीची टोळी दसऱ्यानंतर येणार, त्याआधी नकाशा पक्का हवा. आणि अण्णांची अट, की नकाशावर तात्यांची सही पाहिजे. "जुना मानूस हो म्हनला की माझं मन शांत." म्हणजे माझी सही असून नसल्यासारखी. बरं.

पाऊस सुरू झाला होता. व्हरांड्यातच टेबलावर नकाशा पसरला. खूण केलेल्या धुराड्यावर बोट ठेवून म्हटलं, "तात्या, हे खालून काढून घेते. वर पोकळ आहे, दोन लोखंडी टेकू लावले की झालं. चालेल ना?"

ते म्हणाले, "भिंतीपाशी चला की, बाई."

अण्णा घड्याळ बघत होते. मला वाटलं, आज यांना गुरुजी होऊ दिलं तर अण्णा मला परत कधी इंजिनिअर म्हणणार नाहीत. जरा वरच्या आवाजात म्हटलं, "तात्या, कागदावर सगळं आहे. बघा की!"

त्यांनी कागदावर हात फिरवला. मग म्हणाले, "बरं. चालंल."

पेन दिलं. सही केली ती नकाशाच्या बरोबर मधोमध, जिन्यावरून आणि दोन मापांवरून. सहीसाठी कोपऱ्यात चौकट आखली होती, ती कोरीच. चार दिवसांचं रेखाटन खराब झालं. मी रागानंच नकाशा गुंडाळला.

मोहोळ काढणारा अजून आलेला नाही. आता लिहिताना ते पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आठवतंय. सहीच्या आधी मी ते खोडलं. अण्णांसमोर प्रश्नचिन्ह असलेला नकाशा कसा ठेवायचा? आणि तात्या चालेल म्हणालेच की.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आजच लिहायला हवं.

मोहोळ काल रात्री निघालं, पण मी माळ्यावर चढून बघितलं नाही. सकाळी दहाला टोळीनं पश्चिमेची शेकोटी फोडायला घेतली. टोळीचा मुख्य तानाजी, हुशार माणूस. अर्ध्या तासात खालचे दगड निघाले, टेकू लागले. मी मनात म्हटलं, झालं. तात्या आणि इंदिराबाई पूर्वेच्या टोकाला सांधे भरत होते.

तेवढ्यात तात्या भिंतीला हात लावत, घासत घासत दिवाणखाना ओलांडून आले. तळहात पश्चिमेच्या भिंतीवर ठेवला आणि मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "हे कुनी सांगितलं? हे भरीव हाय! माझ्या बापानं दगडानं भरलंय! छपराची तुळई ह्याच्यावर हाय! व्हा बाहेर, समदे बाहेर व्हा!"

माणसं पळाली. मी पुढच्या दारात होते, मागे सरले. वरून आधी वाळू पडल्यासारखा आवाज आला, मग सगळंच आलं. सज्जा, तुळई, धुराडं. लाल धूळ. हातभर अंतरावरचं दिसेना.

तानाजी ओरडत होता. पाय अडकला होता, दोघांनी ओढून काढला. मग कळलं की तात्या आत आहेत.

इंदिराबाई दाराशी आल्या. रडल्या नाहीत, किंचाळल्या नाहीत. रोजच्यासारख्याच बोलायला लागल्या, फक्त मोठ्यानं. "मी दारात हाय. माझ्या आवाजाकडं तोंड करा. चार पावलं सरळ. आता थांबा, म्होरं तुळई पडलीय, डाव्या हातानं धरा. वलांडा. आता तीन पावलं. उंबरा हाय."

तात्या धुळीतून बाहेर आले. केस लाल, भुवया लाल. धूळ हळूहळू खाली बसली, ऊन पडलं, सगळं लख्ख दिसायला लागलं. तरी इंदिराबाई बोलतच होत्या. "पायरी आली. तिसरी फुटकीय."

सगळं एकदम आठवलं. पिशवी, खुर्ची, नमस्कार, नकाशाच्या मधोमध केलेली सही. बाकीचे सगळे तानाजीभोवती होते. मीच एकटी तिथे उभी होते. इंदिराबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

तानाजीच्या पायात सळई घातली. चालेल म्हणतात डॉक्टर, पण पूर्वीसारखा नाही. त्याची बायको नागूबाई मला बघून उठली. पाणी आणून दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अपघाताच्या चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी लेखी अहवाल मागितलाय, शुक्रवारपर्यंत. धनराज अण्णा संध्याकाळी घरी आले. बाबांसमोरच म्हणाले, "ताई, तुमी आपल्या घरच्या. तुमच्यावर बालंट येऊ द्यायचं न्हाई. कागदावर तात्यारावची सही हाय का न्हाई? मग जुन्या मिस्त्रीनं चालंल म्हनलं म्हनून काडलं, एवढंच लिवा. त्याचं काय? बहात्तर वर्षांचा मानूस. त्याला काय फरक पडतोय?"

बाबा खाली बघत होते. ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "जेवून घे आदी."

खरं सांगायचं तर मी रात्रभर तसाच अहवाल मनात लिहिला. चांगला जमला. एकही वाक्य खोटं नव्हतं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मैलूरला तात्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पण भिंतींचा गिलावा असा की हात फिरवावा. कोपऱ्यात बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली ओळंबा टांगलेला.

मीच बोलले. पश्चिमेचं धुराडं मोजलं नव्हतं, पूर्वेचं उलटं करून टाकलं, प्रश्नचिन्ह खोडलं, सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं.

तात्या म्हणाले, "मी बी सांगतो. तुमी 'बघा की' म्हनला. तवा 'दिसत न्हाई' म्हनायचं हुतं. तोंडाशी आलं हुतं. पर धनराज शेठ उबे हुते. म्हनलं, आपन पूर्वेच्या धुराड्याचं बोललो हुतो, तेच आसंल. एवढं शिकलेली बाई, पश्चिमेचं कशाला काडंल." मग म्हणाले, "आट वर्सं झाली. आदी कडंकडंनं गेलं, मग मदलं. हिला अन् मला दोघांनाच ठावं. राजपालला बी वाटतंय, बापाला जरा कमी दिसतंय."

आठ वर्षं! आणि आठ वर्षांत एक भिंत ओळंब्याबाहेर नाही.

निघताना इंदिराबाई दारापर्यंत आल्या. मनगट धरलं. "बाई, वाइच सांबाळून लिवा हं."

"मावशी, काळजी करू नका," मी म्हटलं. "तात्यांवर शब्दसुद्धा येऊ देणार नाही."

त्या आणखी काही बोलणार होत्या. पण मला उशीर होत होता आणि मनात अहवालाची वाक्यं जुळायला लागली होती.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

अहवाल दिला. मन हलकं झालंय.

सगळं लिहिलं. मोजमाप न घेता नकाशा केला, तो माझा दोष. प्रश्नचिन्ह खोडलं, तो माझा दोष. आणि त्या सहीचा आधार कुणालाच घेता येऊ नये म्हणून एक वाक्य अगदी विचार करून घातलं: "सदर गवंडी श्री. तात्याराव हे गेली आठ वर्षे पूर्णतः दृष्टिहीन असल्याने नकाशावरील त्यांची सही संमती म्हणून ग्राह्य धरता येणार नाही." आता धनराज अण्णांनी कितीही ती सही नाचवली तरी उपयोग नाही. तात्या पूर्ण सुटले. माझं काय व्हायचं ते होवो.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. हरकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय की मी एक काम ओळंब्यात केलं.

३० ऑक्टोबर, बुधवार

अण्णांनी काम काढून घेतलं. फाटकावरचा बोर्ड उतरवून घरी पाठवून दिला, पोत्यात गुंडाळून. नव्या ठेकेदारानं लाल दगडावर सिमेंट मारायला घेतलंय म्हणे. दोन पावसाळ्यांत दगड आतून सडेल. मी कोण सांगणार? दिवाळीचे दिवे आईनं एकटीनं लावले.

१० नोव्हेंबर, रविवार

निकाल आला. वर्षभर मला सरकारी काम नाही, तानाजीच्या दवाखान्याचा खर्च धनराज अण्णांनी आणि मी मिळून करायचा. तात्यांवर काहीही ठपका नाही. ते वाक्य जसंच्या तसं निकालात उतरलंय. मी पेढे घेऊन मैलूरला गेले.

तात्या अंगणात बाजेवर बसले होते. थापी धुऊन, तेल लावून गोणपाटात बांधून ठेवलेली. ओळंबा भिंतीवर नव्हता.

"तात्या, सुटलात," मी म्हटलं.

"व्हय. राजपालनं वाचून दाखिवलं. धनराज शेठनं समद्यांच्या मोबाइलवर पाटिवलंय म्हनं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "आमच्या विहाराच्या कुंपनाची भिंत माझ्याकडं हुती. पाया माझ्याच हातचा. काल मंडळी आली, पाया पडली. म्हनली, तात्या, लई केलंत, आता आराम करा. मग इहिरीचं काम हुतं चिंताकीचं, त्येंचा बी फोन आला. ते बी आराम करा म्हनले."

मला आधी कळलंच नाही. मग हातातला पेढ्यांचा पुडा जड झाला.

"मी तुम्हाला सोडवायला लिहिलं," मी म्हटलं. "नाहीतर तुमची चूक धरली असती."

"धरू द्यायची की." ते पहिल्यांदा जरा चढ्या आवाजात बोलले. "चुकला तर चुकला. चुकलेला गवंडी परत कामावर येतो, बाई. माझा बाप दोनदा चुकला हुता. लोक चार महिने बोलले अन् पाचव्या महिन्याला बोलवायला आले." मग आवाज खाली आला. "तुमी खरं लिवलं, बरंच केलं. पर त्यात निम्मं तुमचं हुतं अन् निम्मं माझं. माझं बी तुमीच लिवून टाकलं."

मी म्हणू शकले असते की मला माहीत नव्हतं. पण मला माहीत होतं. इंदिराबाईंनी मनगट धरलं होतं, आणि मला उशीर होत होता. मी मारटनला फटीतून बघणारा म्हणून हसले होते, आणि या घरात मी तरी काय बघितलं होतं? ते वाक्य आता सरकारी कागदात आहे. खरं आहे, म्हणून खोडताही येत नाही.

चहा झाला. इंदिराबाईंनी पेढा घेतला, तात्यांच्या हातात अर्धा दिला. मी उठले. तोंडातून माफी निघाली, पण ती इतकी बारीक की मलाच नीट ऐकू आली नाही. तात्यांनी हात जोडले, मी होते त्याच्या जरा उजवीकडे.

फाटकाशी जाताना मागून इंदिराबाईंचा आवाज येत होता. "बाई उठल्या. पेढ्याचा पुडा हितंच ठिवलाय. चप्पल घालायल्यात. फाटकात गेल्या." मी कडी काढत होते, ती हाताला सापडेना. डोळ्यातलं पाणी गळ्यापर्यंत आलं होतं. मागे वळले तर इंदिराबाई सरळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

तात्यांनी विचारलं, "बाई रडायल्यात का?"

"न्हाई," इंदिराबाई म्हणाल्या.